वाढ्यांचा हंगाम आणि दावणीची जनावरे



गळीत सुरू झाले की आपल्या भागात वाढ्यांचा सुकाळ होतो. फडातून भारेच्या भारे गोठ्यात येतात. चारा हिरवा, स्वस्त आणि जनावर आवडीने खाते. मग कडब्याची गंज राखून ठेवायची नि हंगामभर वाढ्यांवरच भागवायचे, असा बहुतेकांचा हिशेब. तो कोठे चुकतो, हे आम्ही येथे मांडत आहोत.

गेल्या हंगामात एका सभासदाचा गाडीचा बैल दोन दिवस नुसता कुंथत होता. पोट धरले असेल म्हणून घरच्यांनी तेल पाजले. डॉक्टर आले तोवर मूत्राशय फुटले होते. आम्ही गोठ्यात गेलो तेव्हा दावण वाढ्यांनी भरलेली आणि पाणी दिवसातून एकदाच!

वाढ्यांत ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते चाऱ्यातील कॅल्शियमला पकडते आणि शेणावाटे बाहेर नेते. काही भाग रक्तात उतरून मूत्रपिंडात साचतो. पाणी कमी पडले की खड्याचा धोका वाढतो. लहानपणी खच्ची केलेल्या बैलाची मूत्रनळी अरुंद राहते, तेथे खडा चटकन अडकतो. शिवाय वाढ्यांत प्रथिनेही थोडीच. पोट भरते, पण अंग भरत नाही.

यावर उपाय घरचाच आहे. फोडलेला चुना रात्रभर पाण्यात ठेवावा आणि सकाळी वरची नितळ निवळी कुट्टीवर शिंपडावी. गाळ घेऊ नये. नवा चारा एकदम सुरू न करता आठ-दहा दिवसांत वाढवीत न्यावा, म्हणजे पोटातील जंतूंना ऑक्झॅलेट पचविण्याची सवय होते. मोठ्या जनावरास रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ द्यावे.

आता ज्याची त्याची गरज पाहू.

गाडीचा बैल : ४०० किलोच्या बैलास रोज ८ ते १० किलो कोरडा चारा-खुराक लागतो. त्यात वाढे निम्म्याहून जास्त नकोत. बाकी कडबा आणि थोडा लसूणघास असावा. कामाच्या दिवसांत दीड-दोन किलो पेंड-भुसा द्यावा. जुंपण्याच्या तोंडावर खुराक घालू नये. रवंथाला वेळ मिळाला पाहिजे. पाणी दिवसातून तीन वेळा तरी दाखवावे.

गाभण व दुभती गाय : शेवटच्या दोन-तीन महिन्यांत किलो-दीड किलो जादा खुराक लागतो. दुभत्या गाईस पोटापुरत्या खुराकाशिवाय दर अडीच लिटर दुधामागे एक किलो धरावा. व्याल्यावर दोन-तीन दिवसांत गाय बसून राहिली, मान पोटाकडे वळवली, तर तो दुग्धज्वर समजावा. अशा वेळी तोंडाने औषध पाजत बसू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जाते. लगेच डॉक्टर बोलवा.

वासरे : सहा महिन्यांखालील वासराला युरिया प्रक्रियेचा चारा कधीही देऊ नये.

घोडा : काहींच्या दारी शर्यतीची किंवा वरातीची घोडी आहे. घोडा रवंथ करीत नाही, त्यामुळे ऑक्झॅलेटचा त्रास त्याला बैलापेक्षा अधिक. कॅल्शियम तुटले की जबड्याची हाडे सुजतात आणि तो लंगडतो. वर गव्हाचा कोंडाच घातला तर फॉस्फरस वाढून दुखणे बळावते. म्हणून घोड्याला वाढ्यांवर ठेवू नये. वाळलेले गवत आणि थोडा लसूणघास द्यावा. खूर तापून लंगडणाऱ्या घोड्यास मळी, गूळ आणि धान्य बंद करावे. दात गेलेल्या म्हाताऱ्या घोड्याचा खुराक भिजवून मऊ करावा. युरियाचा चारा घोड्याला नकोच.

बैल वारंवार शेपटी उचलून कुंथतो आणि लघवी थेंबथेंब येते, असे दिसले तर गाडी त्याच घडीला सोडा नि डॉक्टर गाठा. एक खेप बुडेल, पण बैल वाचेल.