फूटभर रुंदीचा चर

हरभरा निघाला, पऱ्हाटी उपटून झाली, की तिवसा तालुक्यात जेसीबीवाल्यांचे फोन वाजू लागतात. विहिरीपासून संत्र्याच्या बागेपर्यंत पाइपलाइन टाकायची तर ती मृगाच्या आधीच. एकदा दमदार पाऊस झाला की काळ्या वावरात चाकं रुततात आणि बकेटला चिकटलेली माती झटकूनही सुटत नाही.

चर अडीच-तीन फूट खोल लागतो. वखर वरच्यावर चालतो, पण नांगराच्या फाळापासून आणि भरल्या ट्रॉलीच्या ओझ्यापासून पाइप वाचला पाहिजे. रुंदीला मात्र फूटभर पुरे. नेमक्या अशा अरुंद चरासाठी ट्रेंचर नावाचं यंत्र आहे: लांब दांड्यावर सायकलच्या चेनसारखी फिरणारी जाड साखळी आणि तिला माती कापणारे दात. घरापर्यंतचे नळ टाकायला हाताने खोदावं लागे, म्हणून अमेरिकेत ओक्लाहोमातल्या पेरी गावी एड माल्झान यांनी 1949 मध्ये ‘डिच विच’ हा छोटा ट्रेंचर बाजारात आणला. ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारे ट्रेंचर आज आपल्याकडेही मिळतात.

तरी शेतकरी बोलावतो जेसीबीच, आणि माझ्या मते त्याचं चुकत नाही. एकाच ओळीत वर काळी, खाली मुरूम आणि मध्येच दगड. तिथे साखळीचे दात झिजतात, तुटतात. शिवाय आलेला जेसीबी जाता जाता धुराही सरळ करतो, शेणखताची ट्रॉलीही भरून देतो. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड यांनी 1945 मध्ये इंग्लंडात सुरू केलेली जेसीबी ही कंपनी 1979 मध्ये भारतात आली. पुण्याजवळ तळेगावलाही तिचा कारखाना आहे.

कसब ऑपरेटरचं. मागचे दोन जॅक टेकवून तो बकेट स्वतःकडे ओढतो आणि चर पुढे सोडत मशीन मागे सरकवतो. जाणता असेल तर काळी एका अंगाला, मुरूम दुसऱ्या अंगाला टाकतो. बुजवताना पाइपावर आधी मऊ माती, मग मुरूम, सर्वांत वर काळी. हे उलटंपालटं झालं, तर पिकात तो पट्टा पुढे कित्येक हंगाम पिवळा दिसतो. तासावर पैसे मोजणारा मालक घाई करतो, तेव्हा हेच होतं.

उतारावर पाणी अडवणाऱ्या समतल चरांना तर खोलीपेक्षा पातळी महत्त्वाची. 2016 च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत जिल्ह्यातलाच वरुड तालुका होता. तेव्हा गावकरी हायड्रोमार्करने पातळी काढायला शिकले. रेघ चुकली तर मशीन चुकीचा चरही तेवढ्याच झपाट्याने खोदतं.

पाण्याखालची गोष्ट निराळी. मुंबईत वर्सोव्याला येणाऱ्या इंटरनेटच्या केबल उथळ समुद्रात पुरतात, कारण तिथे जहाजांचे नांगर आणि मासेमारीची जाळी त्यांना तोडू शकतात. खोल समुद्रात त्या तळावर नुसत्या सोडलेल्या असतात. पुरण्यासाठी जहाज तळावरून शेतातल्यासारखाच, पण अवजड नांगर ओढतं. तो तास पाडतो, त्यातच केबल सोडतो आणि बाजूची माती बरीचशी आपोआप वर पडते. सगळं एकाच फेरीत.

तिवशाच्या वावरात मात्र पाइप जोडून होईपर्यंत जेसीबी उभा ठेवायचा की परत पाठवून पुन्हा बोलवायचा, यावर मालक आणि ऑपरेटर यांची घासाघीस चालू असते.