भाडेकरू बदलताना : रिकाम्या घराची दुरुस्ती आणि तिचा हिशेब

भाड्याने दिलेले घर रिकामे झाले की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो पुढच्या भाडेकरूचा. दलालास दूरध्वनी जातो, फाटकावर ‘टू-लेट’ची पाटी लागते आणि मधल्या दिवसांत एखाद्या रंगाऱ्यास बोलावून भिंतींवर घाईघाईने हात फिरवून घेतला जातो. वास्तविक, एक कुटुंब बाहेर पडल्यापासून दुसरे आत येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे हाच घराच्या दुरुस्तीचा खरा काळ होय. घरात सामान नसते, कोणाची गैरसोय होत नाही आणि भिंतीचा प्रत्येक कोपरा उघडा दिसतो. हीच कामे पुढे घर नांदते असताना काढली तर खर्च वाढतो, आणि संबंधही बिघडतात.

प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार चेन्नई शहराच्या संदर्भात केला आहे. नोकरीनिमित्त येथे आलेल्या काही मराठी कुटुंबांनी वेळचेरी, तांबरम अथवा जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत सदनिका घेतल्या आणि पुढे पुण्या-मुंबईस परतल्यावर त्या भाड्याने दिल्या. दुसरीकडे, बँकांचे अनेक अधिकारी व कर्मचारी बदलीवर येथे येतात आणि भाडेकरू म्हणून राहतात. त्यामुळे नाण्याच्या दोन्ही बाजू आपल्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत.

अनामत रक्कम कोणाची?

चेन्नईत अनामत रकमेस सर्रास ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात, आणि शब्दाचा हा घोटाळा पुढे पैशाच्या घोटाळ्यास कारण होतो. दहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम आगाऊ घेण्याची येथील वहिवाट जुनी आहे. दरमहा २०,००० रुपये भाडे असेल तर २ लाख रुपये. आगाऊ भाडे म्हटले की ते आपलेच, असे मालकास वाटू लागते. प्रत्यक्षात ही रक्कम उत्पन्न नव्हे, ते देणे आहे; ताळेबंदाच्या परिभाषेत तिची जागा दायित्वांच्या बाजूस.

तरीही बहुतेक वेळा ही रक्कम मुलांच्या शिक्षणात वा घराच्या हप्त्यांत केव्हाच खर्ची पडलेली असते. भाडेकरू घर सोडतो तेव्हा मालक नव्या भाडेकरूच्या अनामतीची वाट पाहतो आणि सोडून जाणारे कुटुंब मात्र त्याच २ लाखांवर नव्या घराचा सौदा करून बसलेले असते. अशा वेळी दुरुस्तीचे निमित्त हाताशी येते. भिंतीवरचे डाग मोजले जातात, रंगाचा अंदाज फुगवून सांगितला जातो आणि एका महिन्याचे भाडे ‘रंगासाठी’ कापून घेण्याची प्रथा पुढे केली जाते. दुरुस्तीचा खरा वाद पुष्कळदा दुरुस्तीचा नसतोच, तो मालकाजवळ त्या दिवशी पैसे नसल्याचा असतो, असे माझे मत आहे.

यासंबंधी कायदा काय सांगतो ते पाहणे उपयुक्त ठरेल. तामिळनाडूत १९६० च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या जागी घरमालक व भाडेकरू यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या यांचे विनियमन करणारा २०१७ चा अधिनियम २२ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला. त्यानुसार करारात अन्यथा ठरलेले नसल्यास तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. घर रिकामे झाल्यावर भाडेकरूकडील रास्त येणे वजा करून उरलेली रक्कम एका महिन्याच्या आत परत करावयाची असते. भाडेकरार लेखी असणे व त्याची नोंद भाडे प्राधिकाऱ्याकडे होणेही आवश्यक आहे. ‘करारात अन्यथा ठरलेले नसल्यास’ या शब्दांमुळे दहा महिन्यांची वहिवाट पूर्णपणे संपलेली नाही, हे भाडेकरूंनी ध्यानात घ्यावे व सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे.

कोणती दुरुस्ती कोणी करावयाची?

या अधिनियमाच्या अनुसूचीत कामांची वाटणीच दिली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचे रंगकाम, नळवाहिन्या बदलणे आणि विजेच्या तारांचे काम मालकाकडे येते. नळ व त्यांचे वायसर बदलणे, तुंबलेली गटारे साफ करणे, वॉश बेसिन, शौचकूप व गीझर यांची दुरुस्ती, विजेची बटणे व सॉकेट, कुलपे व कड्या, खिडक्यांच्या काचा आणि डासांच्या जाळ्या ही कामे भाडेकरूकडे. अर्थात करारात वेगळे ठरवता येते आणि भाडेकरूने केलेल्या नुकसानीची भरपाई भाडेकरूकडूनच होणार. मात्र नित्य वापराने होणारी झीज हे नुकसान नव्हे.

झीज व नुकसान यांत फरक कसा करावा? हिशेबनिसाची घसारा काढण्याची पद्धत येथे कामी येते. समजा, संपूर्ण घराच्या रंगाचा खर्च ४८,००० रुपये आला आणि तो रंग चार वर्षे टिकेल असे धरले, तर दरसाल १२,००० रुपये झिजले. तीन वर्षे राहिलेल्या भाडेकरूच्या मुलांनी साऱ्या भिंती रेघोट्यांनी भरून टाकल्या, तरी त्याच्याकडून मागता येईल ते उरलेल्या एका वर्षाचे १२,०००. चार वर्षे राहिलेल्याकडून रंगापोटी काहीच मागणे उचित नाही, कारण भिंत तशीही रंगवावी लागणारच होती. कायद्यात हे सूत्र लिहिलेले नाही. परंतु करारातच ते घातले तर निरोपाच्या दिवशी घासाघीस उरत नाही.

महाराष्ट्रात घर भाड्याने देणाऱ्यांसाठी एवढेच सांगावेसे वाटते की, महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वयेही घर सुस्थितीत राखण्याचे कर्तव्य मालकाचे आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती टाळली, तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च वसूल करू शकतो.

आधी पाणी, मग वीज, शेवटी रंग

रिकाम्या घरात हा क्रम उलटा होतो, कारण रंग डोळ्यांना दिसतो आणि गळती दिसत नाही. ओल्या भिंतीवर चढवलेला रंग पहिल्याच पावसात पोपडे धरतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. एप्रिल-मे महिन्यांत ठणठणीत कोरडी दिसणारी भिंत पाहून घर घेणाऱ्या भाडेकरूस नोव्हेंबरात भलतेच दर्शन घडते.

शेवटच्या मजल्यावर घर असल्यास प्रथम गच्चीवर जावे. येथील जुन्या इमारतींच्या गच्चीवर विटांचे तुकडे व चुना यांचा थर आणि त्यावर भाजलेल्या मातीच्या चौकोनी फरशा बसवलेल्या असतात. उन्हापासून संरक्षण करणारी ही पद्धत उत्तम आहे. परंतु फरशांच्या सांध्यांतील माल निघाला की पाणी आत मुरते व महिनोन्महिने झिरपत राहते. सांधे भरून घेणे आणि पाणी वाहून नेणारी तोंडे मोकळी करणे हे काम स्वस्त आहे, म्हणूनच कदाचित ते राहून जाते. पावसाचे पाणी साठवण्याची वा मुरवण्याची व्यवस्था २००३ पासून राज्यात सक्तीची झाली. त्या वाहिन्याही याच वेळी उपसून घ्याव्यात.

न्हाणीघराची परीक्षा सोपी आहे. जमिनीवरील निचऱ्याचे तोंड कापडाने घट्ट बंद करून इंचभर पाणी भरावे आणि चोवीस तास तसेच ठेवावे. खालच्या मजल्यावरील छत ओलसर झाले तर फरशीखालील जलरोधक थर गेला असे समजावे. घरात कोणी राहत असताना ही परीक्षा जवळजवळ अशक्य असते. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असल्याने नळांच्या तोंडाशी व गीझरच्या कांडीवर क्षारांचा थर बसतो, तो काढून घ्यावा. गच्चीवरील टाकी आणि जमिनीखालील टाकी, जिला येथे ‘संप’ म्हणतात, दोन्ही रिकाम्या करून धुवाव्यात.

बेसंट नगर, तिरुवान्मियूर अशा किनाऱ्यालगतच्या भागांत खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजतात. गंजावरच रंग दिल्यास तो आतून फुगतो. तो खरवडून, गंजरोधक अस्तर देऊनच रंग द्यावा. तळमजल्यावरील घरांचा प्रश्न वेगळा. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी वेळचेरी, मुडिचूर आदी सखल भागांत पाणी घरांत शिरले. अशा घरांत जमिनीलगतचे सॉकेट कमरेच्या उंचीवर घेण्याचे काम घर रिकामे असतानाच उरकावे. पुराचे पाणी प्यालेल्या भिंतींना लोणा लागतो. तेथील गिलावा काढून, भिंत पूर्ण वाळू देऊन नव्याने करावा लागतो. त्यावर पुटी चोपडणे व्यर्थ.

विजेच्या बाबतीत परवानाधारक तंत्रज्ञाकडून अर्थिंग व वातानुकूलन यंत्राची जोडणी तपासून घ्यावी. विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण नसल्यास ते बसवावे व त्यावरील चाचणीचे बटण दाबून पाहावे. येथे काटकसर करू नये, कारण हा प्रश्न भाडेकरूच्या जिवाचा आहे.

रिकामे दिवस आणि बाजूला ठेवलेला पैसा

तमिळ कुटुंबे आडि महिन्यात, म्हणजे साधारणतः जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, सहसा नव्या घरात प्रवेश करीत नाहीत. मार्गळि महिन्याचेही तसेच. नव्या घरात प्रथम दूध तापवून उतू घालण्याचा विधी आपल्याप्रमाणेच येथेही आहे, आणि तो शुभ महिन्यातच व्हावा लागतो. जूनअखेरीस रिकामे झालेले घर त्यामुळे ऑगस्टपर्यंत पडून राहण्याचा संभव असतो. मालकांना हा काळ तोट्याचा वाटतो. मला तो सोयीचा वाटतो. ईशान्य मोसमी पावसाच्या आधीचा, गच्ची व बाहेरील भिंतींच्या कामास अनुकूल असा हा काळ आहे. मधूनमधून संध्याकाळी सरी येतात, तेवढे सांभाळावे.

आता पैशाविषयी. भाड्याच्या घराच्या उत्पन्नावर कर आकारताना मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा जाऊन उरलेल्या रकमेच्या ३० टक्के इतकी ठोक वजावट मिळते. दरमहा २०,००० प्रमाणे वर्षाचे २,४०,००० रुपये, त्यातून समजा ६,००० मालमत्ता कर गेला, तर २,३४,००० चे ३० टक्के म्हणजे ७०,२०० रुपये. दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च केला नाही तरी ही वजावट मिळते आणि लाख रुपये खर्च केले तरी तेवढीच मिळते. रंगाऱ्याची पावती जोडून ती वाढत नाही. घर काही काळ रिकामे राहिल्याने भाडे कमी मिळाले असेल, तर करासाठी प्रत्यक्ष मिळालेले भाडेच धरले जाते.

करमुक्त राहिलेल्या या ७०,२०० रुपयांपैकी काही भाग घराचाच आहे, असे मानण्यास हरकत नसावी. दरमहा १,५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते भाडे जमा होणाऱ्या खात्याशी जोडले, तर तीन वर्षांत ५४,००० रुपये व त्यावरील व्याज जमते. सर्वसाधारण रंगकाम व किरकोळ दुरुस्ती त्यातून भागावी. अनामतीची रक्कम मात्र वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावी, म्हणजे भाडेकरू बदलला की ती मोडून त्याच आठवड्यात परत करता येते. गच्ची वा नळवाहिन्यांसारखे मोठे काम निघाल्यास गृहदुरुस्ती कर्जाचा पर्याय आहे. त्यावरील व्याज घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्क्यांव्यतिरिक्त वजा करता येते. व्याजामुळे तोटा निघत असल्यास तो कोणत्या करप्रणालीत कसा वळता होतो, हे सल्लागाराकडून पाहून घ्यावे.

परगावी राहणाऱ्या मालकांनी आणखी एक करावे. घर सोडण्याच्या दिवशी भाडेकरूसमवेत प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे काढून, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या व वजावटीची प्रत्येक बाब रकमेसह लिहिलेले एकपानी पत्रक दोघांच्या सह्यांनी करून घ्यावे. अनामत खात्यातूनच परत करावी, रोखीने नव्हे. दुरुस्ती पूर्ण झाल्यावर छायाचित्रांचा नवा संच काढावा, आणि तो येणाऱ्या भाडेकरूच्या करारास जोडावा.