ग्योरेमेची पहाट : बलून आकाशात, पाहणारे जमिनीवर

तुर्कस्तानच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, ग्योरेमे नावाचे एक लहान गाव आहे. ज्या प्रदेशात ते वसले आहे, त्याला कॅपाडोशिया म्हणतात. येथील पहाट ऐन उन्हाळ्यातही गार असते. सूर्योदयास अजून तासभर अवकाश असतानाच गावातल्या चढउतारांच्या गल्ल्यांतून प्रवाशांच्या मोटारी एकामागून एक निघू लागतात. दरीच्या तळाशी मोठे पंखे घरघरू लागतात. जमिनीवर अंथरलेले प्रचंड कापड हळूहळू फुगू लागते आणि मग एकाएकी बर्नरची ज्योत भडकते. क्षणभर तो सारा कापडी घुमट आतून उजळतो आणि पुन्हा अंधारतो. थोड्याच वेळात दुसरा उजळतो, मग तिसरा. पूर्वेला तांबडे फुटेपर्यंत शंभराहून अधिक बलून आकाशात चढलेले असतात.

हे दृश्य पाहण्यासाठी जगभरातून माणसे येथे येतात. अलीकडे आपल्याकडील कुटुंबेही सहकुटुंब तुर्कस्तानची सहल आखताना इस्तंबूलनंतर कॅपाडोशियाचे नाव आवर्जून घेतात. बलूनमध्ये बसण्याचा अनुभव मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु या पहाटेचा दुसरा एक मोठा वाटेकरी असतो, त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही. तो म्हणजे जमिनीवर थांबलेला माणूस.

मागे राहणारी माणसे

घरातील सहा-सात जण सहलीस निघाले, तर त्यांतील सगळेच उड्डाण करू शकतात असे नाही. टोपलीची कड छातीइतकी उंच असते. तिच्यात चढून जावे लागते, तासभर उभे राहावे लागते आणि उतरताना गुडघे वाकवून बसका धक्का सोसावा लागतो. म्हणून अगदी लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना सहसा घेत नाहीत. ज्यांच्या गुडघ्यांची अथवा पाठीची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनीही हा मोह आवरावा हेच बरे. शिवाय एका आसनाची किंमत इतकी असते की, साऱ्या घराचा हिशेब मांडताना कर्त्या माणसालाही थांबून विचार करावा लागतो.

मग आदल्या रात्री एक नेहमीचा प्रसंग घडतो. आजी म्हणतात, "तुम्ही सगळे जाऊन या, मी खोलीतच थांबते." धाकटी सून तान्ह्या मुलाकडे पाहून गप्प बसते. पाच वर्षांच्या नातवाला आपल्याला नेणार नाहीत हे कळल्यावर तो रुसून बसतो. उडणारे आणि न उडणारे असे घराचे दोन भाग पडतात आणि न उडणाऱ्यांच्या मनात, आपल्यामुळे कोणाचा खोळंबा नको, एवढाच भाव उरतो. इतक्या दूर येऊनही ती माणसे पहाटे अंथरुणातच राहतात. ज्या गावी पहाट हेच पाहण्यासारखे आहे, तेथे याहून मोठे नुकसान नाही.

वास्तविक बलूनमध्ये बसलेल्याला आपला स्वतःचा बलून पुरता दिसत नाही. त्याला खाली दऱ्या दिसतात आणि भोवती इतर बलून दिसतात. आकाशभर पसरलेला, वरखाली होणारा, उगवत्या सूर्याने एका बाजूने रंगलेला तो संपूर्ण ताफा मात्र जमिनीवरूनच डोळ्यांत मावतो.

राखेतून झालेली भूमी

जमिनीवर थांबणाऱ्याला आणखी एक लाभ होतो. पायाखालच्या भूमीकडे त्याचे लक्ष जाते. लक्षावधी वर्षांपूर्वी येथील ज्वालामुखींनी ओकलेली राख थरांवर थर साचून तिचा मऊ दगड झाला. वारा आणि पाणी यांनी तो कोरत नेला. वरचा कठीण दगड जेथे टोपीसारखा टिकून राहिला, तेथे खाली उंच सुळके उभे राहिले. त्या ज्वालामुखींपैकी एर्जियेस हा पर्वत ३,९०० मीटरहून उंच असून स्वच्छ हवेत त्याचे हिमशिखर दुरूनही दिसते. मऊ दगडात माणसांनी घरे, कोठारे आणि प्रार्थनास्थळे कोरली. ग्योरेमेचे राष्ट्रीय उद्यान आणि भोवतालची ही शैलस्थाने १९८५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली.

कड्यांवर उंच जागी लहान लहान चौकोनी भोकांच्या रांगा दिसतात. ती कबुतरांसाठी कोरलेली घरे आहेत. येथील शेतकरी कबुतरांची विष्ठा गोळा करून द्राक्षवेलींना खत म्हणून घालीत. राखेच्या जमिनीत पीक काढणाऱ्यांनी आकाशातील पाखरांशी केलेला हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला.

व्यापारी कुटुंबांना आपलीशी वाटावी अशी आणखी एक खूण जवळच आहे. आवानोस गावाजवळ सारीहान नावाची तेराव्या शतकातील सराई आहे. सेल्जुक राजवटीत उंटांच्या तांड्याला एका दिवसात कापता येईल एवढ्या अंतरावर अशा सराया बांधल्या जात. भक्कम दगडी भिंती, एकच मोठा दरवाजा, आत माल उतरवण्याची जागा, जनावरांसाठी ओवऱ्या आणि माणसांसाठी निवारा. रात्री दरवाजा बंद होई आणि पहाटे उघडे. सूर्योदयापूर्वी उठून प्रवासाची तयारी करणारी माणसे या प्रदेशाने बलून येण्याच्या कितीतरी आधी पाहिली आहेत.

कागदाच्या कारखानदारांचा शोध

बलूनची कथाही एका व्यापारी घराण्यातूनच सुरू होते. फ्रान्समधील आनोने येथे मोंगोल्फिए घराण्याचा कागदाचा कारखाना होता. जोसेफ आणि एतिएन हे त्या घराण्यातील दोन भाऊ. चुलीचा धूर वर जातो हे साऱ्या जगाने पाहिले होते. त्या धुरात काही कोंडले तर तेही वर जाईल, हा विचार या भावांनी तडीस नेला. हातात असलेला मालच त्यांनी वापरला. जाड कापडाला आतून कागदाचे अस्तर लावून, त्याचे तुकडे गुंड्यांनी जोडून त्यांनी एक मोठा गोल तयार केला आणि ४ जून १७८३ रोजी गावकऱ्यांसमोर तो आकाशात सोडला.

त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी व्हर्साय येथे राजासमोर दुसरा प्रयोग झाला. उंचावरील हवेत सजीव तगतो का, हे कोणास ठाऊक नव्हते. माणसाने आपल्या शंकेचे ओझे मुक्या जीवांवर टाकले. टोपलीत एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा ठेवण्यात आला. सुदैवाने तिन्ही जीव जिवंत खाली आले. पुढे २१ नोव्हेंबर रोजी पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे मोकळ्या बलूनमधून सुमारे २५ मिनिटे उडाले. माणसाचे ते पहिले मुक्त उड्डाण होय.

त्या दिवशी बलून घडवणाऱ्या भावांपैकी कोणीही त्यात बसलेला नव्हता. अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसमध्ये राहणारे वयोवृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनीही ते उड्डाण जमिनीवरूनच पाहिले आणि त्याचा वृत्तान्त पत्रांतून लिहून ठेवला. इतिहासातील ते पहिले उड्डाण दोघांनी वरून अनुभवले, हजारोंनी खालून.

वजनाचा हिशेब

धूर बलूनला उचलतो, अशी मोंगोल्फिए बंधूंची समजूत होती. प्रत्यक्षात उचलते ती उष्ण हवा. हा हिशेब तराजूचा आहे आणि दुकानदाराला तो लगेच पटावा. एक घनमीटर साध्या हवेचे वजन साधारण सव्वा किलो भरते. तीच हवा शंभर अंशांपर्यंत तापवली की पसरते आणि तेवढ्याच जागेत एक किलोहूनही कमी उरते. म्हणजे घनमीटरमागे जेमतेम पाव किलोची बचत. एवढ्याशा नफ्यावर वीस माणसे, टोपली आणि गॅसच्या टाक्या उचलायच्या, तर घुमटात हजारो घनमीटर हवा भरावी लागते. बलून इतका अवाढव्य असतो तो यासाठी. पहाटेची बाहेरची हवा थंड, म्हणून जड असते. त्यामुळे तराजूचे पारडे बलूनच्या बाजूने आणखी थोडे झुकते.

पहाट निवडण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. सूर्य वर आला की जमीन तापते आणि हवेचे लोट वर उठू लागतात. त्या लोटांत बलून सांभाळणे कठीण जाते. सूर्योदयाच्या आसपास हवा सर्वांत शांत असते. बलूनला सुकाणू नसते. वैमानिकाच्या हाती फक्त वर चढणे आणि खाली उतरणे एवढेच असते. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशांना वाहतो. हवी ती दिशा मिळेपर्यंत तो बलून वरखाली नेतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला दोन बलून एकमेकांच्या उलट दिशेने जाताना दिसतात आणि डोळ्यांना न दिसणारे वाऱ्याचे थर त्याला जणू दिसू लागतात.

निशाणाचा शब्द

कॅपाडोशियात उड्डाण होणार की नाही, हे एकट्या वैमानिकाच्या अथवा मालकाच्या इच्छेवर सोडलेले नाही. वाऱ्याचा अंदाज पाहून नागरी विमान वाहतूक खात्याकडून परवानगी दिली जाते. हिरवे निशाण म्हणजे उड्डाण, लाल म्हणजे नाही. पहाटे तीन-चारला उठून, मुलांना कपडे चढवून, दरीपर्यंत जाऊन शेवटच्या घटकेस लाल निशाण मिळाले, तर मन खट्टू होतेच. कित्येकांचा तो तेथील एकुलता एक दिवस असतो.

परंतु त्या क्षणी किती जणांचा तोटा होतो, हेही पाहावे. शंभर बलून न उडणे म्हणजे एका पहाटेत दोन हजारांहून अधिक तिकिटांचा धंदा बुडणे. हॉटेले, मोटारी, मजूर, साऱ्यांची मिळकत थांबते. तरीही निशाण लालच राहते. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी इजिप्तमधील लुक्सोर येथे उतरत्या बलूनला आग लागून १९ जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी मे महिन्यात कॅपाडोशियातही दोन बलून एकमेकांवर आदळून प्रवासी दगावले. अशा घटना विरळ असल्या तरी नियम कशासाठी असतात, हे त्या सांगून जातात. हातचा नफा सोडून "आज नाही" म्हणता येणे, ही कोणत्याही पेढीची खरी पत. म्हणून लाल निशाण दिसल्यावर आयोजकाशी हुज्जत घालू नये. पैसे परत मिळणार की दुसरा दिवस, हे मात्र आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे. शक्य असल्यास तेथे दोन-तीन रात्री मुक्काम ठेवून उड्डाण पहिल्या पहाटेस आखावे.

पाहणाऱ्यांसाठी

जमिनीवरून पाहण्यास तिकीट मोठे नाही, तयारी मात्र हवी. ग्योरेमे गावाला लागून असलेली टेकडी वृद्धांनाही सोयीची आहे, कारण वाहन बरेच वर जाते. लव्ह व्हॅली आणि रेड व्हॅली या दऱ्यांच्या काठांवरून बलून अगदी जवळून जाताना दिसतात. उचहिसार येथील दगडी गडाच्या परिसरातून दूरचा पट्टा नजरेत येतो. अनेक हॉटेलांच्या गच्च्याही यासाठीच सजवलेल्या असतात. ज्यांना पाऊलभर चालणेही अवघड आहे, त्यांच्यासाठी पूर्वेकडे उघडी गच्ची असलेली खोली घेणे, हाच उत्तम उपाय.

सूर्योदयापूर्वी किमान पाऊण तास जागेवर पोहोचावे. अंधारात घुमट उजळतात ते पाहण्याची संधी तेवढीच असते. शाल, कानटोपी आणि लहान विजेरी जवळ ठेवावी. कड्याच्या टोकाशी उभे राहून छायाचित्र काढण्याचा हट्ट धरू नये, कारण तेथील दगड मऊ असून कडा ढासळतात. वाटेत द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा लागतात. त्या कोणाच्या तरी पोटापाण्याच्या आहेत, हे ध्यानी ठेवून पायवाट सोडू नये. जवळ उतरणाऱ्या बलूनच्या दोराला हात लावण्यास मुले धावतात, त्यांना रोखावे. न्याहारी सूर्य वर आल्यावरच होणार असल्याने खाखरा अथवा दशमीचा घरचा डबा सोबत असला की वृद्धांची आणि मुलांची सोय होते.

आणि एक साधी गोष्ट. घरातील जे उडणार असतील, त्यांच्या बलूनचा रंग आणि नक्षी आधी विचारून ठेवावी. मग टेकडीवरच्या नातवाला काम मिळते. शंभर बलूनमधून तो आपला बलून शोधू लागतो. तांबड्यावर पिवळे पट्टे असलेला तो घुमट सुळक्यांमागून वर आला की तो आजीचा हात ओढून दाखवतो. आजी चष्मा सावरून पाहतात. बर्नरचा आवाज थांबल्यावर वरून कोणी हाक मारली, तर शांत हवेत ती खालीही ऐकू येते.

तासाभरात बलून एकेक करून खाली येतात आणि माणसे न्याहारीच्या टेबलाभोवती जमतात. वर गेलेले सांगू लागतात की, दरी कशी दिसली. त्यांचे सांगून झाले की नातू सांगू लागतो की, ते स्वतः कसे दिसले. ते त्यांना ठाऊक नसते.