अर्ध्या मीटरात अकरा हजार वर्षं

रशियाच्या ईशान्य टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे १०० किलोमीटर उत्तरेला, चुकोतकात एल्गिगितगिन नावाचं सरोवर आहे. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी तिथे अशनी आदळला आणि १८ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. आपलं लोणार १.८ किलोमीटरचं, म्हणजे हे त्याच्या दहापट. पण खरं थक्क व्हावं ते त्याच्या तळाचा गाळ पाहून. हिमनद्यांनी हा भाग कधी खरवडलाच नाही, त्यामुळे ३०० मीटरहून जाड गाळ थरावर थर तसाच टिकून राहिला.

तो साचण्याचा वेग तर बघा. वरच्या १३५ मीटरमध्ये तब्बल २८ लाख वर्षं मावली आहेत. सरासरी काढली तर हजार वर्षांना पाच सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत. या हिशेबाने शिवरायांच्या राज्याभिषेकापासून आजवरचा काळ दोन सेंटिमीटरच्या आत संपतो. शेवटचं हिमयुग ओसरल्यानंतरची ११,७०० वर्षं, म्हणजे शेती, लिपी, साम्राज्यं, सगळं काही, जेमतेम अर्ध्या मीटरात बसतं. लोणारच्या तळाशी साधारण तेवढाच काळ दहा मीटर गाळात पसरला आहे!

२००९ मध्ये शास्त्रज्ञांनी गोठलेल्या सरोवराचा बर्फ मुद्दाम आणखी जाड केला, त्यावर ड्रिलिंगचं यंत्र उभं केलं आणि गाळाचे लांबच लांब नमुने वर काढले. हिमयुगांत सरोवर बारमाही गोठलेलं असायचं. पाण्याच्या तळापर्यंत प्राणवायू पोहोचत नसे, म्हणून तेव्हाचा गाळ गडद राखाडी आणि बारीक थरांचा. उबदार काळात डायाटम नावाची सूक्ष्म शेवाळं फोफावायची आणि त्यांची सिलिकाची कवचं तळाशी बसायची. टायटेनियमच्या तुलनेत सिलिका वाढलेली दिसली की तो काळ उबेचा, असं ओळखता येतं. काठावर काय उगवत होतं, ते परागकण सांगतात.

सुमारे चार लाख वर्षांपूर्वीच्या थरांत स्प्रूसचे परागकण सापडले. आज तिथे झाडंच नाहीत, नुसता टुंड्रा. दोन हिमयुगांमधल्या त्या उबदार काळात तिथला उन्हाळा आजच्यापेक्षा चार ते पाच अंशांनी गरम होता. ग्रीनलंडचा बराचसा बर्फ तेव्हा वितळला असावा आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा ६ ते १३ मीटर वर होती, असा अंदाज आहे. पृथ्वीच्या कक्षेतले बदल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड एवढ्यावरच संगणकी प्रारूपांत ही ऊब उभी राहिना. म्हणजे बर्फ, समुद्र आणि हवा मिळून मूळच्या तापाला आणखी वाढवत नेतात. मला तरी या साऱ्या आकड्यांत हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते.

कारण त्या काळी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.