मर्यादवेलीच्या अलीकडे

भरती कधी आहे असं विचारलं, तर कोकणच्या किनाऱ्यावरची जुनी माणसं आधी तिथी विचारतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी काठाला. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण वसई-विरारचा समुद्र पाहायला निघताना मी आजही आधी कालनिर्णय पाहतो. इकडची वाळू फार सपाट आहे. उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, आणि या उतारावर त्याचा अर्थ कितीतरी लांबवर आत येणं. मधल्या सखल पन्हाळीतून ते पाठीमागूनच येतं. पुढे लाटांत रमलेल्या माणसाला परतीची वाट बुडाल्याचं कळतही नाही.

दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचं मुख. मध्ये पाचूबंदर, सुरुची बाग, रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर आणि अर्नाळा. नावं वेगळी, पण पट्टा एकच. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेत 12 लाखांहून अधिक माणसं होती. रेल्वेच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्यावर एवढ्या माणसांना पाय मोकळे करायला खरं मैदान उरलं ते हेच.

पण ते रिकामं मैदान नाही. पाचूबंदरला हिवाळ्यात जाऊन पाहा. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, दोन-दोन, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला. ना दोरा, ना गाठ. ही अडकवणी बायकांच्या हातांची, आणि ती इतक्या वेगाने होते की बघणाऱ्याला नेमकी कृती सापडत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा याच वाळूवर होड्या ओढून ठेवतात, जाळी विणतात. फिरायला येणारा या माणसांच्या कामाच्या जागेत पाय ठेवत असतो, हे त्याने विसरू नये.

भुईगावला बहुतेक लोक पाखरं पाहायला किंवा शांततेसाठी जातात. पण 1956 मध्ये याच गावात अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्याआधी 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना जवळच्या सोपाऱ्यात आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. तो आठवा लेख सहलीबद्दलच आहे: पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रांना जात, अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला जाऊन धर्मयात्रा सुरू केल्या. म्हणजे सोपाऱ्याच्या बंदरात उतरणाऱ्या माणसाला, प्रवासाला निघावं ते कशासाठी, हे दगडावर कोरून सांगितलं होतं. मला या किनाऱ्यावरची याहून मोठी गोष्ट माहीत नाही, आणि भुईगावच्या वाळूवर ती सांगणारा एक ठळक फलक तरी हवाच.

कळंब, राजोडी, नवापूरला रिसॉर्ट आणि रविवारची गर्दी. तिथे चालताना सुरूंच्या बनाच्या पुढे पाहावं. मर्यादवेल नावाची जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर पसरते. पानं आपट्यासारखी दुभंगलेली, आणि गाठीगाठीला मुळं. वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यापाशी अडते, साठते, टेकडी होते. ती टेकडीच उधाणाला थोपवते. वाळू चोरून नेली, वेल चाकांखाली गेली, की मग सुरूही मुळं उघडी पडून आडवे होतात. अर्नाळ्यात तर समुद्र घरांपर्यंत पोचला. आता ठिकठिकाणी दगडी बंधारे मागितले जातात. ज्याच्या ओसरीला पाणी लागलं त्याची मागणी खरीच आहे; पण बंधाऱ्यावर आपटलेली लाट शेजारच्या उघड्या वाळूवर जास्त जोराने जाते. वाळूची चोरी थांबवणं आणि गाड्या खाली उतरू न देणं हे आधी व्हायला हवं.

अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखाशी, बेटावर आहे. मराठ्यांनी तो 1737 मध्ये घेतला. आत अष्टकोनी विहीर आहे, चहूकडे खारं पाणी असूनही गोड्या पाण्याची. किल्ल्याभोवती गाव नांदतं, म्हणून होडी सहलीच्या लोकांपेक्षा गावकऱ्यांची जास्त. संध्याकाळी ओहोटीला ती काठापर्यंत येत नाही. मग पिशव्या डोक्यावर, चपला हातात, कडेवर मूल घेऊन माणसं गुडघाभर पाण्यातून तिच्याकडे चालत जातात, आणि आधी चढलेला हात पुढे करून मागच्याला वर घेतो.