देश नकाशावर नव्हता, प्रार्थनेत होता

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना तिथे जागा होती, तशीच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. ख्रिस्ती झाल्याने आपले भारतीयपण सुटत नाही, ही टिळकांची ठाम धारणा होती. देशभक्तीच्या कविता लिहिणाऱ्या या कवीच्या उपासनेत देश आपोआपच आला.

पण देश म्हणजे कोणता? आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात, इंग्रजी अमलाखाली होते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती. कृष्णाकाठाने पायी निघालेला माणूस नकळत एका राजवटीतून दुसरीत जाई. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. अँग्लिकन उपासनेच्या पुस्तकात राजासाठीची प्रार्थना छापलेलीच असे. पण ज्या देशाला अजून एक सरकार, एक सीमा मिळालेली नव्हती, त्याच्यासाठी एकत्र बसून मागणे मागायचे, तर आधी तो देश मनात एक करावा लागे. एकत्र प्रार्थनेचे पहिले मोल हे, की ‘आपण’ म्हणजे कोण, ते तिथे ठरते.

ध्रुपद धरणारे

टिळकांनी उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. या निवडीत चवीपेक्षा मोठे काही होते. कीर्तनात मागे उभा राहून ध्रुपद धरणारा नुसता ऐकणारा राहत नाही, मागणे त्याचेही होते. वारकऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण असा सातारा जिल्हा पार करते. या परंपरेत कीर्तनाच्या शेवटी सगळे मिळून पसायदान म्हणतात, आणि त्यातले मागणे देशाच्याही पलीकडे, साऱ्या विश्वासाठी असते. टिळक मे 1919 मध्ये गेले. त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही, गीते मात्र मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

एकाची हरकत

गांधीजी मे 1944 मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटले आणि जुलैमध्ये सातारा जिल्ह्यातल्याच पाचगणीला येऊन राहिले. त्यांच्या सर्वधर्म प्रार्थनेचा क्रम इथेही चालू होता. या प्रार्थनेची खरी कसोटी पुढे दिल्लीत लागली. एप्रिल 1947 मध्ये तिथल्या सभेत कुराणातल्या आयतींना हरकत घेतली गेली. सभेतले बहुतेक लोक गांधीजींच्या बाजूचे होते, तरी त्यांनी प्रार्थना रेटून नेली नाही, थांबवली. आयती मात्र वगळल्या नाहीत. हरकत घेणाऱ्याला हुसकून लावायचे नाही आणि शेजाऱ्याचा देवही सोडायचा नाही, अशी ती दुहेरी अट होती.

देशासाठीच्या प्रार्थनेला ही अट लागतेच, कारण ‘माझ्या देशाचे भले कर’ याचे ‘त्यांचे वाटोळे कर’ व्हायला वेळ लागत नाही. सारखेच लोक एकत्र बसले तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. वेगळ्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा माणूस शेजारी बसला, की मागणे चाळणीतून निघाल्यासारखे होते. त्याच्यासमोर मोठ्याने म्हणता येईल तेवढेच उरते.

आधी स्वतःकडे

पाचगणीतच नैतिक पुनरुत्थान चळवळीचे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र 1968 मध्ये सुरू झाले. गांधीजींचे नातू राजमोहन गांधी त्यामागच्या प्रमुखांपैकी एक. निरनिराळ्या धर्मांची माणसे तिथे काही वेळ शांत बसतात आणि आतून काय सुचते ते टिपून ठेवतात. देश सुधारायचा तर सुरुवात आपल्यापासून, हे त्यामागचे सूत्र. मंत्र नाही, पुजारी नाही, म्हणून दुसऱ्याच्या श्रद्धेशी खटका उडत नाही. सुचलेले दुसऱ्याला सांगायचे, ही पुढची पायरी. एकट्याने केलेला संकल्प सोमवारी विसरला तरी चालतो. चारचौघांत बोललेल्याबद्दल कुणीतरी विचारतेच.

अर्थात या सगळ्याला मर्यादा आहे. प्रार्थनेने पूर ओसरत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा सांगलीत शिरली, तेव्हा लोकांना होड्या, अन्न आणि कोरडी जागा हवी होती. प्रार्थनेला त्या कामाची जागा घेता येत नाही, आणि तिने ती घेऊही नये. होडीत आधी कुणाला घ्यायचे, हा प्रश्न पडतो तेव्हा मात्र ‘आपण’मध्ये कोण कोण येते याचे उत्तर तयार असावे लागते. ते पुरात शोधून सापडत नाही. म्हणून गावात देशासाठी प्रार्थना ठरली, की किती जण जमले हे मोजण्याआधी कुणाला बोलावलेच नाही, ते पाहावे.