परक्या खेळपट्टीवरील पहिली षटके

ॲडलेडच्या जाणकारांच्या देखरेखीखाली मोठमोठ्या ट्रेंमध्ये घडविलेली, फ्लॉरिडाच्या उन्हात गवत धरलेली आणि मालमोटारींवर लादून न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ परगण्यात आणून बसविलेली खेळपट्टी ज्याच्या वाट्याला आली, त्या सलामीच्या फलंदाजाला तिचा पूर्वेतिहास कोणत्याच दप्तरात सापडत नव्हता. तो त्याने स्वतःच्या बॅटीने, आणि तोही पहिल्या दोनतीन षटकांतच, वाचून काढायचा होता. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तेथे श्रीलंकेचा डाव ७७ धावांत आटोपला, आयर्लंडचा ९६ धावांत. आणि त्याच आयर्लंडविरुद्ध अर्धशतक पुरे केलेल्या भारताच्या रोहित शर्माला दंडावर चेंडू बसल्यामुळे मैदान सोडावे लागले.

पॉवरप्लेच्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात, म्हणून उचलून मारण्याचा मोह अनावर होतो. परंतु त्यासाठी उसळीचा भरवसा लागतो, आणि नेमका तोच जेथे नाही तेथे आधी किती धावा पुरेशा होतील याचा अदमास बांधावा व मगच फटका निवडावा, हा क्रम पाळणे मला या खेळातील सर्वांत कठीण बौद्धिक कर्म वाटते.

त्याच मैदानावरील १२ जूनचा भारताचा अमेरिकेविरुद्धचा डाव मी चित्रफितीवर चेंडूगणिक पाहिला आहे. लक्ष्य १११ धावांचे. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या डावखुऱ्या सौरभ नेत्रावळकरने कोहलीला पहिल्याच चेंडूवर यष्टीमागे झेल द्यायला लावला, लगोलग रोहितलाही परत धाडले. आठव्या षटकात अली खानचा एक चेंडू खाली राहून पंतच्या यष्ट्यांवर गेला, तेव्हा फलकावर ३९ धावा होत्या. त्यानंतर सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे या दोघा मुंबईकरांनी जे केले ते मी फार मोलाचे मानतो. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू भिरकावण्याबद्दल ज्याची ख्याती, तो सूर्यकुमार चेंडू अंगाशी येऊ देई, हात सैल सोडी, आणि मोकळ्या जागेत ढकलून एक धाव घेई. २२ धावांवर नेत्रावळकरच्याच हातून त्याचा झेल सुटला, हे दैवही खरे. पंधरा षटकांअखेर ३० चेंडूंत ३५ धावा हव्या असताना, षटके सुरू करण्यास वारंवार विलंब केल्याबद्दल अमेरिकेला ५ धावांचा दंड झाला. सूर्यकुमारच्या नाबाद ५० धावांना ४९ चेंडू लागले. सामना मात्र दहा चेंडू राखून जिंकला गेला.

त्याच स्पर्धेच्या ब्रिजटाउन येथील दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र याच हिशेबाने वागणे घातक ठरले असते. तेथे चेंडू बॅटीवर येत होता. कोहलीने यान्सनच्या पहिल्याच षटकात तीन चौकार मारले, आणि पाचव्या षटकात ३ बाद ३४ अशी अवस्था झाली तरी बचावाची तजवीज न करता अक्षर पटेलला वर पाठविण्यात आले. कोहलीने एक बाजू धरली, अक्षरने ३१ चेंडूंत ४७ धावा काढल्या, धावसंख्या १७६ वर पोहोचली, आणि दक्षिण आफ्रिकेला ती गाठण्यास सात धावा कमी पडल्या.